ताठरपणा येत नाही? उपचार आहेत
(पती-पत्नी दोघांनी मिळून वाचावे. ज्याला वाचता येत नसेल त्याला जोडीदाराने वाचून दाखवावे.)



कुटुंबकल्याणाचे पत्रक हाती आले की त्यात पाळणा लांबवण्याची गोष्ट असणार, हे तुम्हांला ठाऊक आहे. निरोध, तांबी, गोळ्या, नसबंदी. या वेळी मात्र विषय वेगळा आहे. या विषयावर आरोग्यसेवकाला कोणी उघड विचारत नाही. विचारलेच तर "आमच्या एका मित्राला तक्रार आहे" असे म्हणून विचारतात. तेव्हा त्या मित्रासाठीच हे लिहिले आहे असे समजा.

संबंधाच्या वेळी पुरुषाच्या लिंगाला ताठरपणा येत नाही, किंवा येतो पण टिकत नाही, ही ती तक्रार. गावात याला "कमजोरी" म्हणतात, "काम होत नाही" म्हणतात, आणि रागाच्या भरात "नामर्द" असा वाईट शब्दही वापरतात. तो शब्द पहिल्यांदा टाकून द्या. साखर वाढलेल्या माणसाला आपण शिवी देत नाही, मग याला का द्यायची?

समजा, डोंबिवलीजवळच्या निळजे, घेसर, संदप अशा एखाद्या गावातला बेचाळीस वर्षांचा गृहस्थ आहे. एमआयडीसीत पाळीची नोकरी, पावसाळ्यात घरची थोडी भातशेती, दोन मुले. सहा महिन्यांपासून त्याला ही तक्रार आहे. तो बायकोशी बोलत नाही, रात्री उशिरा घरी येतो, आल्यावर भिंतीकडे तोंड करून झोपतो. बायकोच्या मनात येते, बाहेर कोणी आहे की काय? तिची सासू म्हणते, कोणीतरी काहीतरी केले असणार. तो मात्र गुपचूप रस्त्याकडेच्या तंबूतल्या वैदूकडे जातो आणि काही हजार रुपये देऊन काळी पूड आणतो. या सगळ्या काळात त्याच्या रक्तातली साखर तीनशेच्या घरात आहे, आणि ती मात्र कोणीच तपासलेली नाही.

अशी घरे थोडीथोडकी नाहीत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथे केलेली एक मोठी पाहणी १९९४ साली प्रसिद्ध झाली. तीत ४० ते ७० वयाच्या पुरुषांपैकी ५२ टक्के पुरुषांना कमी-अधिक प्रमाणात हीच तक्रार असल्याचे दिसले. आपल्याकडचे पुरुष काही वेगळ्या मातीचे नाहीत.

ताठरपणा येतो कसा?

लिंगात हाड नसते आणि स्नायूच्या जोरावरही ते ताठ होत नाही. त्यात स्पंजासारखे दोन लांबट भाग असतात. मनात इच्छा झाली किंवा स्पर्श झाला की मेंदूकडून नसांवाटे निरोप जातो, रोहिण्या सैल होतात आणि रक्त भराभर आत येते. स्पंज फुगला की रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा दाबल्या जातात आणि आलेले रक्त आत अडून राहते.

भाताचे खाचर डोळ्यांपुढे आणा. पाट उघडला की पाणी येते, आणि बांध धड असेल तर ते खाचरात तुंबून राहते. पाटच गाळाने अरुंद झाला असेल तर पाणी पोचत नाही. बांध गळका असेल तर पाणी आले तरी थांबत नाही. पाट उघडणाऱ्याला निरोपच पोचला नाही, किंवा तो घाबरून पळाला, तर पाटाला पाणी असूनही खाचर कोरडे राहते. शरीरातही अगदी असेच घडते. रोहिण्या अरुंद होतात, शिरा रक्त धरून ठेवत नाहीत, नसा बधिर होतात किंवा मन घाबरते. बरेचदा यातल्या दोन-तीन गोष्टी एकदमच असतात.

कधीतरी एखाद्या रात्री असे होणे हा आजार नव्हे. दमणूक, दारू, भांडण, पाहुण्यांनी भरलेले घर, पातळ भिंतीपलीकडे जागे असलेले म्हातारे आईवडील, यांपैकी काहीही कारण पुरते. पण तीन महिने किंवा त्याहून जास्त काळ बहुतेक वेळा असेच होत असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

एक साधी खूण घरच्या घरी बघता येते. पहाटे जाग येताना लिंग ताठ असते का? तसे असेल, किंवा एकटे असताना ताठरपणा येत असेल पण पत्नीजवळ येत नसेल, तर रक्तवाहिन्या आणि नसा बहुधा ठीक आहेत आणि कारण मनात किंवा परिस्थितीत असण्याचा संभव जास्त. तक्रार एकाएकी सुरू झाली असेल तरी तसेच समजावे. उलट, तक्रार हळूहळू वाढत गेली असेल आणि पहाटेचा ताठरपणाही गेला असेल, तर शरीरात काहीतरी बिघडले आहे असे धरून चालावे.

ही हृदयाची आगाऊ सूचना असू शकते

या पत्रकातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून सावकाश वाचा.

लिंगाला रक्त नेणारी रोहिणी जेमतेम एक ते दोन मिलिमीटर जाडीची असते. हृदयाच्या रोहिण्या तीन-चार मिलिमीटरच्या असतात. तंबाखू, साखर, रक्तदाब आणि चरबी यांमुळे सगळ्याच रोहिण्या आतून खराब होत जातात, पण जी बारीक ती आधी तुंबते. म्हणून ताठरपणाची तक्रार पुष्कळदा छातीत दुखण्याच्या दोन ते पाच वर्षे आधी सुरू होते. जो पुरुष लाजून घरी बसतो तो हृदयाने दिलेली सूचना परत पाठवत असतो. मधुमेह असलेल्या पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांना केव्हा ना केव्हा हा त्रास होतो, आणि कित्येकांना आपल्याला मधुमेह आहे हे या तक्रारीच्या तपासणीतच पहिल्यांदा कळते.

म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर आधी रक्तदाब मोजून घ्या. १४०/९० किंवा त्याहून जास्त सतत येत असेल तर तो वाढलेला आहे. उपाशीपोटी साखर तपासा. १२६ किंवा जास्त आली तर तपासणी पुन्हा करून मधुमेह आहे की नाही ते ठरवतात. रक्तातली चरबीही बघतात. इच्छाच कमी झाली असेल तर पुरुष-संप्रेरकाची, म्हणजे टेस्टोस्टेरॉनची, तपासणी करतात. तिच्यासाठी रक्त सकाळीच द्यावे लागते, कारण दुपारनंतर त्याचे प्रमाण उतरते.

काही औषधांनीही ताठरपणा कमी होतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या, मनाच्या आजारावरच्या काही गोळ्या यांत येतात. तशी शंका आली तर गोळी आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतात. रक्तदाबाची गोळी अचानक सोडली आणि अर्धांग झाला, तर संसाराचे काय होईल याचा विचार करा.

उपचार कोणते?

पहिला उपचार फुकटचा आहे, म्हणूनच बहुधा कोणाला तो आवडत नाही. विडी-सिगारेट सोडा. तंबाखू, गुटखा, मिश्री हेही सोडा. दारू पोटात गेली की इच्छा वाढल्यासारखी वाटते खरी, पण नसा सुस्त होतात. रोज अर्धा तास भरभर चाला. पोटाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत आणा. साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवा. पाळीच्या नोकरीत झोप पुरी होत नाही हे आम्हांला कळते, तरी झोपेला काही पर्याय नाही.

दुसरा एक व्यायाम आहे. लघवी मध्येच थांबवण्यासाठी जे स्नायू आपण आवळतो, ते पाच मोजेपर्यंत आवळून धरायचे आणि सोडायचे. असे एका वेळी दहादा, दिवसातून तीन वेळा. स्नायू ओळखण्यापुरतेच लघवी अडवून पाहा. रोज लघवी करताना हा व्यायाम करू नका. तीन महिने नेटाने केला तर पुष्कळांना गुण येतो. बसमध्ये, लोकलमध्ये, बांधावर बसूनही करता येतो आणि शेजारच्याला पत्ताही लागत नाही.

कारण मनातले असेल तर त्याचे असे होते. एकदा फसले की पुढच्या वेळी माणूस स्वतःची परीक्षा घेत बसतो. होईल का, टिकेल का, ही काय म्हणेल? भीती वाटली की शरीर रोहिण्या आवळते, आणि मग होणारे कामही होत नाही. यावर मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन जोडीने १९७० साली एक पद्धत जगापुढे मांडली आणि ती आजही वापरतात. काही आठवडे संबंध करायचाच नाही असे दोघांनी ठरवायचे. फक्त जवळ यायचे, बोलायचे, एकमेकांना स्पर्श करायचा. सुरुवातीला गुप्तांगांनाही हात लावायचा नाही. परीक्षाच रद्द झाल्यामुळे भीती ओसरते आणि ताठरपणा आपोआप परत येऊ लागतो. मग हळूहळू पुढे जायचे. एका खोलीच्या घरात हे अवघड आहे, मान्य आहे. पण मुले आजीकडे झोपवता येतात, आणि आजीला कारण विचारण्याची गरज नसते.

तिसरा उपचार म्हणजे गोळी. सिल्डेनाफिल नावाचे औषध मुळात छातीतल्या कळेसाठी शोधले जात होते. प्रयोगात भाग घेणाऱ्या पुरुषांना वेगळाच परिणाम दिसला आणि १९९८ साली अमेरिकेत ते ताठरपणासाठी मंजूर झाले. आता ते आपल्याकडेही साध्या जेनेरिक नावाने मिळते. संबंधाच्या सुमारे एक तास आधी ते घेतात. पोटभर तेलकट जेवणावर घेतले तर गुण उशिरा येतो. टॅडालाफिल नावाच्या दुसऱ्या गोळीचा परिणाम छत्तीस तासांपर्यंत राहतो. नुसती गोळी गिळून काही होत नाही, मनात इच्छा आणि अंगाला स्पर्श हवाच. पहिल्याच वेळी गुण आला नाही म्हणून सोडू नका. योग्य मात्रेत, योग्य रीतीने पाच-सहा वेळा घेतल्यावरच ती लागू पडते की नाही हे ठरवता येते. मधुमेह जुना असेल तर गुण थोडा कमी येतो.

डोके दुखणे, तोंड लाल होणे, नाक चोंदणे, जळजळणे एवढे होऊ शकते. पण ही गोळी मित्राच्या खिशातून घेऊन खाण्याची वस्तू नाही. छातीत दुखते म्हणून जे जिभेखाली सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी ठेवतात, त्यांनी ही गोळी कधीही घेऊ नये. दोन्ही एकत्र आल्या तर रक्तदाब एकदम खाली जाऊन माणूस दगावू शकतो. गोळी घेतल्यावर छातीत दुखू लागले तर दवाखान्यात पोचताच "मी अमुक गोळी अमुक वेळी घेतली आहे" हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. पत्नीलाही हे माहीत असू द्या, कारण त्या वेळी बोलणारी तीच असेल. हृदयविकाराचा झटका किंवा अर्धांग नुकताच येऊन गेला असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय घेऊ नका. प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर तेही सांगा. ताठरपणा चार तासांहून जास्त राहिला तर लाज न धरता ताबडतोब दवाखाना गाठावा, उशीर झाला तर कायमचे नुकसान होते.

संबंधाचा ताण हृदयाला सोसेल का, असे विचारतात. साधारण अंदाज असा, की डोंबिवली स्टेशनचा पूल न थांबता भरभर चढून गेलात आणि छातीत दुखले नाही, दम कोंडला नाही, तर बहुधा सोसेल. शंका असेल त्याने आधी हृदय तपासून घ्यावे.

गोळीने भागले नाही तरी मार्ग संपत नाही. हवा काढून घेणारा पंप असतो. त्याच्या नळीत लिंग ठेवून हवा ओढली की रक्त आत येते, मग मुळाशी रबरी कडे चढवतात. हे कडे अर्ध्या तासात काढायचेच. लिंगात बारीक सुईने देण्याचे इंजेक्शनही असते. पॅपॅव्हरीन या औषधाने असे करता येते हे फ्रान्समधल्या एका शल्यविशारदाने १९८२ साली दाखवले. ते डॉक्टरांकडून नीट शिकून घ्यावे लागते. आणि शेवटचा उपाय शस्त्रक्रियेचा. लिंगात वाकवता येणारी किंवा फुगवता येणारी कृत्रिम दांडी बसवतात. खर्चाचा आणि परत न फिरण्याचा हा मार्ग आहे, म्हणून बाकीचे सगळे करून झाल्यावरच त्याचा विचार करावा.

टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने "ताकदीसाठी" म्हणून घेणारे काही तरुण आढळतात. रक्तात ते खरोखर कमी असेल तरच त्याचा उपयोग. ज्या जोडप्याला मूल हवे आहे त्या पुरुषाने तर ते घेऊच नये, कारण बाहेरून संप्रेरक मिळाले की शरीर शुक्रजंतू तयार करणे थांबवते. ताठरपणा आणि मूल होण्याची क्षमता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ताठरपणा उत्तम असूनही शुक्रजंतू कमी असू शकतात. म्हणून मूल होत नसेल तर तपासणी दोघांची व्हावी. एकट्या सुनेला डॉक्टरांपुढे आणि देवांपुढे फिरवू नये.

नसबंदीने कमजोरी येते का?

नाही. हा प्रश्न पन्नास वर्षे विचारला जात आहे, आणि त्याचे कारणही आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत डॉ. डी. एन. पै यांच्या पुढाकाराने रेल्वे स्टेशनांवर पुरुष नसबंदीची केंद्रे चालली, आणि हजारो पुरुष आपण होऊन तिथे गेले. पुढे आणीबाणीत सक्ती झाली. १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही आणि तो कायदा झाला नाही, पण लोकांच्या मनात धास्ती बसली ती बसलीच. ज्या गोष्टीची सक्ती होते तिच्याबद्दल वाईट ऐकले की माणूस लगेच विश्वास ठेवतो. आज नसबंदी पूर्णपणे राजीखुशीची आहे.

नसबंदीत शुक्रजंतू नेणाऱ्या दोन बारीक नळ्या बंद करतात, एवढेच. पुरुष-संप्रेरक वृषणातून सरळ रक्तात जाते, त्या नळ्यांतून नाही. ताठरपणाच्या रोहिण्या आणि नसा तर वेगळ्याच जागी आहेत. वीर्यही पूर्वीसारखेच येते, कारण त्याचा बहुतेक भाग प्रोस्टेट आणि वीर्यकोशात तयार होतो. बिनटाक्याची नसबंदी दहा-पंधरा मिनिटांत होते. त्यानंतर तीन महिने निरोध वापरायचा आणि वीर्य तपासून घ्यायचे. नसबंदीनंतर कोणाला कमजोरी वाटली तर ती भीतीने असते किंवा त्याच वयात सुरू झालेल्या साखरेने, म्हणून त्यानेही तपासणी करावी.

भिंतीवरच्या जाहिराती

लोकलच्या डब्यात, स्टेशनबाहेरच्या भिंतींवर "गुप्तरोग, हमखास इलाज" अशा चिठ्ठ्या डकवलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. कामशक्ती वाढवण्याच्या औषधांची अशी जाहिरात करणे १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय कायद्याने गुन्हा आहे. या लोकांच्या काही पुड्यांत तीच सिल्डेनाफिल गोळी कुटून, मात्रा न मोजता मिसळलेली सापडते. म्हणून काहींना गुण येतो, आणि म्हणूनच हृदयविकाराच्या माणसाला त्यात धोका असतो.

ही मंडळी धंदा करतात ती भीतीवर. लहानपणी हस्तमैथुन केले म्हणून नसा गेल्या, लघवीवाटे धातू जातो, चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब होतो, असे सांगतात. यातले काहीही खरे नाही. हस्तमैथुनाने कमजोरी येत नाही. वीर्य शरीरात सतत तयार होत असते, रक्त आटून ते बनत नाही.

मराठीत हे सांगणारे आम्ही पहिले नव्हे. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. वाचकांच्या अशाच प्रश्नांना सरळ उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. तरीही कर्व्यांना दंड झालाच. आज उत्तर देणाऱ्याला दंड होत नाही, पण विचारणाऱ्याची जीभ मात्र अजून अडखळते.

ताई, तुमच्यासाठी

नवऱ्याला ताठरपणा येत नाही याचा अर्थ तुम्ही आवडेनाशा झालात असा नाही, आणि बाहेर कोणी आहे असाही नाही. टोमणा मारलात तर तक्रार वाढेल. दवाखान्यात बरोबर जा, कारण दोघे मिळून गेलेल्यांना गुण लवकर येतो असा अनुभव आहे. आणि हेही लक्षात ठेवा, की नवऱ्याने गोळी घेतली म्हणून त्या रात्री तुम्ही राजी असायलाच हवे असे नाही. तुम्हांला संबंधाच्या वेळी दुखत असेल, पाळी जाण्याच्या वयात किंवा अंगावर पाजताना कोरडेपणा येत असेल, तर त्यावरही औषध आहे. तेही त्याच फेरीत विचारून घ्या.

कुठे जायचे?

आधी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात. साखर आणि रक्तदाब तिथेच तपासतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. डोंबिवलीत महानगरपालिकेचे शास्त्रीनगर रुग्णालय आहे, कल्याणला रुक्मिणीबाई रुग्णालय, उल्हासनगरला मध्यवर्ती रुग्णालय. पुढच्या तपासणीसाठी कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा मुंबईतले शीव आणि केईएम रुग्णालय येथे चिठ्ठी घेऊन जावे. मन फारच खचले असेल तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तो फुकट लागतो.

जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घाला, वैदूची पूड असेल तर तीही. तक्रार कधीपासून आहे, पहाटे ताठरपणा येतो का, तंबाखू-दारू किती, हे मनाशी जुळवून ठेवा. केसपेपरच्या खिडकीवर सगळे सांगण्याची गरज नाही. तिथे "साखर आणि बीपी तपासायचंय" एवढेच म्हणा, आणि बाकीचे आत गेल्यावर दार लोटून डॉक्टरांना सांगा.